झाकण लागलं होतं

तेरा मुलांपैकी एका मुलीनं ते झाकण उघडलं होतं. मी कागदावर बारा मुलं लिहिली आणि पुढच्या रकान्यात लिहिलं, ‘एकालाही उघडता आलं नाही.’ हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. शेठना नाही, बायकोला नाही. ज्या बाईंना सांगायला हवं होतं त्यांना तर मी याच्या नेमकं उलट सांगितलं.

मी मुळात कमी बोलणारा. गप्प माणसाचा एक फायदा असतो, तो काही लपवतोय असं कुणाला वाटत नाही. लोकांना वाटतं, त्याचा स्वभावच तसा.

आमचा कारखाना भाईंदर पूर्वेला, गोडदेवच्या अंगाला, गाळ्यांच्या रांगेत होता. कारखाना म्हणजे तरी काय, एक लांबट गाळा. खाली प्लास्टिकचे दाणे वितळवून साच्यात दाबणारी दोन मशीनं, त्यांच्यामागे बायकांचं पॅकिंगचं टेबल, आणि वर पोटमाळ्यावर माझा ड्रॉइंग बोर्ड. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. शेजारी स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारणारे गाळे होते. दुपारी त्यांची जेवणाची सुट्टी झाली की कानांत एकदम पोकळी झाल्यासारखी वाटायची. बाटल्या दुसरीकडे व्हायच्या, आत भरायचं ते तिसरीकडे. आम्ही फक्त झाकणं करायचो.

त्या दिवसांत डुप्लिकेट मालाला ऊत आला होता. भंगारवाल्याकडून रिकाम्या बाटल्या उचलायच्या, धुवायच्या, आत भलतंच काही भरायचं आणि जुनंच झाकण आवळून विकायचं. त्यावर उपाय म्हणून झाकणाखाली कडं आलं. झाकण आणि कडं यांना जोडणारे प्लास्टिकचे बारीक बारीक दुवे असतात, आम्ही त्यांना टाके म्हणायचो. पहिल्यांदा फिरवलं की टाके तुटतात, झाकण हातात येतं आणि कडं बाटलीच्या गळ्यात राहतं. टाके जाड ठेवले तर म्हाताऱ्या हातांना झाकण उघडेना. बारीक ठेवले तर साच्यातून बाहेर पडतानाच तुटायचे. या जाड-बारीकमध्ये माझी दोन वर्षं गेली. ती सुखाची वर्षं होती. कडं तुटलेलं असेल तर बाटली कुणीतरी उघडली आहे, त्यात वाद नाही आणि साक्षीदाराची गरज नाही. असली वस्तू आपल्या बोर्डावर तयार होते याची मला मनातून फार ऐट होती. पॅकिंगच्या बायका तोंडावर म्हणायच्या, “भाऊंना पण कडं बसवलंय. तोडल्याबिगर उघडत न्हाईत.” मी हसायचो.

मग ते दुसरं काम आलं. बाहेरदेशी औषध पाठवणाऱ्या एका कंपनीला असं झाकण हवं होतं की मोठ्या माणसाला उघडता यावं आणि लहान मुलाला येऊ नये. तिकडे त्याशिवाय माल घेत नसत म्हणे. शेठ ते कागद घेऊन पोटमाळ्यावर चढून आले, धापा टाकत माझ्या स्टुलावर बसले.

मी विचारलं, “समोर मूल आहे की मोठा माणूस, हे झाकणाला कसं कळणार?”

शेठ गुजराती, पण माझ्याशी मराठी-हिंदीची मिसळ करून बोलायचे. “वो तू सोच ना. तू झाकणवाला आहेस. मी तर खाली शेठ आहे.”

याचं उत्तर तिकडच्या लोकांनी आधीच शोधलेलं होतं. मला ते आमच्या मशीनवर उतरवायचं होतं. एकात एक अशी दोन झाकणं. आतलं बाटलीच्या आट्यांवर बसतं, बाहेरचं त्याच्यावर सैल असतं. नुसतं उलटं फिरवलं तर बाहेरचं गरागरा फिरतं, कटकट वाजतं आणि आतलं जागचं हलत नाही. वरून दाबून फिरवलं की बाहेरचे दात आतल्या दातांत अडकतात आणि दोन्ही मिळून निघतात. चार वर्षांच्या मुलाला दाबता येतं, फिरवताही येतं. दोन्ही एका वेळी करणं त्याच्या हाताला सुधरत नाही, आणि सगळी भिस्त तेवढ्यावरच. बंद करताना मात्र दाबावं लागत नाही. सरळ फिरवत न्यायचं, पुरतं बसलं की शेवटी ‘कट्ट’ असा एक आवाज येतो.

ही दोन झाकणं एकात एक बसवायचं आणि मधूनमधून एखादं बाटलीवर लावून, उघडून पाहायचं काम पॅकिंगच्या बायकांकडे होतं. त्यांच्यात गोडदेवचीच एक बाई होती. नवरा मिठागरावर, घरी सासू, एक चार वर्षांची मुलगी. सगळे तिला वहिनी म्हणायचे, म्हणून मीही. तिशीच्या आतलीच असेल. हात चपळ आणि तोंड त्याहून चपळ.

एक दिवस खाली उतरलो तर वहिनी मनगट चोळत बसलेली.

“भाऊ, तुमच्या टोपनानं मनगट मोडलं माझं. दिवसाला किती म्हून दाबायचं नि फिरवायचं? आता ह्यो माझा इलाज बघा.” तिनं बाटली पालथी केली, झाकणाची बाजू टेबलावर टेकवली, अंगाचा भार टाकला आणि झाकणाऐवजी बाटलीच फिरवली. झाकण अलगद सुटलं. मनगटाला काही त्रासच नाही.

“हे पेटंट माझ्या नावावर लावा हां,” ती म्हणाली.

दुसरी म्हणाली, “लावतील की. आणि नवऱ्याला पन असंच पालथं करून फिरव, सरळ होईल.”

टेबलाला हसू आवरेना. मीही हसलो. सगळ्या बायका त्या दिवसापासून तसंच उघडायला लागल्या. काम भराभर व्हायला लागलं आणि मला त्याचं कौतुकच वाटलं. दाबायचं काम टेबल करतं, फिरवायचं काम दोन्ही हात करतात. ज्या एका गोष्टीवर माझं झाकण उभं होतं तीच त्या युक्तीनं काढून घेतली होती, आणि मी ड्रॉइंग काढणारा माणूस ते समोर पाहून हसत होतो.

बालवाडी सुटली की वहिनीची मुलगी गाळ्यावर यायची. मुलं आणायची नाहीत असा नियम होता, तो कुणी पाळत नव्हतं. ती टेबलाखाली बसून बाद झालेल्या झाकणांचे मनोरे रचायची आणि वर काय चाललंय ते बघायची.

कंपनीनं दिलेल्या कागदांत चाचणी कशी घ्यायची ते लिहिलेलं होतं. तिथे शेकड्यांनी मुलं लागत. आमच्याकडे गोडदेवच्या समाजमंदिरातली बालवाडी होती. शेठ म्हणाले, “पहिले आपण आपल्यासाठी बघू. जे होईल ते लिही. फेल तर फेल, साचा परत बनवू.”

हे वाक्य मी मुद्दाम लिहितोय. शेठनी मला खोटं लिहायला सांगितलं असतं, तर आज मला कुणाच्या तरी आड उभं राहता आलं असतं.

त्या कागदांत बाटलीत काय घालायचं याबद्दल काही नव्हतं. मला वाटलं, रिकाम्या बाटलीशी मूल कशाला झटेल? म्हणून मी प्रत्येक बाटलीत संत्र्याच्या दोन-दोन गोळ्या टाकल्या. ही भर माझी. बाटल्या पांढऱ्या, आतलं दिसत नाही. म्हणून मुलांच्या कानाशी खुळखुळवून दाखवल्या. “आत गोळी आहे. जो उघडेल त्याची.”

एका सकाळी समाजमंदिराच्या फरशीवर तेरा मुलं बाटल्या घेऊन बसली. कुणी दातांनी ओढतंय, कुणी बाटली फरशीवर आपटतंय. एकानं उठून बालवाडीच्या बाईंपुढे बाटली धरली, “बाई, खोलून द्या ना.”

बाई म्हणाल्या, “मला सांगू नकोस बाबा. हे काका बघ कसे घड्याळ घेऊन बसलेत. गोळ्या द्यायच्या नव्हत्या तर आणल्या कशाला हो भाऊ? मुलांचे तळतळाट लागतील.”

तेवढ्यात दोन मुलांची बाटलीवरून जुंपली. एकानं दुसऱ्याच्या डोक्यात बाटली हाणली, रडारड झाली, बाई तिकडे धावल्या. मी घड्याळ घेऊन जागेवरच बसलो होतो. माझी नजर फिरली ती अगदी कडेला.

वहिनीच्या मुलीनं बाटली पालथी धरली होती. झाकण फरशीला टेकवून ती गुडघ्यांवर उठली, पोटाचा भार बाटलीच्या बुडावर टाकला आणि दोन्ही हातांनी बाटली फिरवली. आतले-बाहेरचे दात एकमेकांत अडकल्याचा बारीक आवाज आला. मग तिनं बाटली सुलटी केली, झाकण काढलं, आणि हात न घालता सरळ बाटलीच तोंडाला लावली. दोन्ही गोळ्या तोंडात. गाल फुगवून माझ्याकडे बघून हसली.

बाईंची पाठ होती. बाकीची बारा मुलं आपापल्या बाटलीशी झगडत होती.

मी उठून तिच्याजवळ गेलो. झाकण परत लावलं, बाटली माझ्या पिशवीत टाकली. खिशातून आणखी एक गोळी काढून तिच्या मुठीत दिली आणि ओठांवर बोट ठेवून म्हटलं, “कुणाला सांगायचं नाही हां. आपलं गुपित.”

तिनं मान हलवली. तिनं खरोखरच कुणाला सांगितलं नाही.

घरी जाताना मी स्वतःची समजूत घातली, आणि ती इतकी चोख होती की मला पटली. ही मुलगी पॅकिंगवालीची. आईला रोज पाहते. हिला मोजणं म्हणजे पेपर फुटलेल्या मुलाला मार्क देणं. हिला धरायचंच नाही. बारा मुलं, शून्य उघडली. आकडे सरळ, चाचणी पास, साचा बदलायला नको. आज मला दिसतं की प्रत्येक घरातलं मूल आईला पाहतच असतं. आई उघडते तिथे मूल असतंच. झाकण कुणाकरता होतं मग? पण त्या दिवशी मला माझं झाकण जिंकायला हवं होतं.

शेठनी विचारलं, “कुणी उघडलं काय?”

“नाही,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि खाली जाऊन सगळ्यांना पेढे वाटले.

नमुन्याच्या बाटल्या उरल्या होत्या. दिवाळी जवळ आली होती, घरोघरी साफसफाई चाललेली. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत वहिनी सगळ्यांसमोर मला म्हणाली, “भाऊ, तुमची ती न उघडनारी बाटली एक द्या ना मला. मोरी घासायचं ॲसिड हाय घरात. हातगाडीवाला दारूच्या बाटलीत घालून देतो, वर कागदाचा बोळा. पोरगी सगळ्यात हात घालते, म्हून माळ्यावर ठेवते, आनि दर बारीला स्टुलावर चढायला लागतं. तुमच्या बाटलीत घातलं तर खाली मोरीपाशी ठेवायला हरकत न्हाय ना?”

मला तिची मुलगी आठवली. गुडघ्यांवर उठलेली, पोटानं बाटली दाबणारी. अगदी स्पष्ट आठवली. सांगायचं तर सगळ्यांसमोर सांगावं लागलं असतं, पेढे खाऊन झाले होते. एक जण म्हणाली, “अगं, भाऊंना विचारून काय उपेग, उद्या उत्तर देतील.” सगळ्या हसल्या.

मी म्हणालो, “काही हरकत नाही. घ्या की. दोन घ्या.”

एवढंच बोललो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात महाग पडलेलं वाक्य हे, आणि महाग पडलं ते दुसऱ्यांना.

चार-पाच दिवसांनी भर दुपारी गोडदेवची एक बाई धावत गाळ्यावर आली. मुलीनं ॲसिड प्यायलं होतं. वहिनी हातात झाकण होतं तशीच उठली. शेठनी गाडी काढली. वहिनी आणि मुलगी मागे, मुलीच्या ओठांवर ओला फडका. मुंबईच्या मोठ्या सरकारी इस्पितळात घेऊन गेले. गाडी वळताना शेठ मला म्हणाले, “तू घरी जा हिच्या, कपडे-बिपडे घेऊन मागून ये.”

म्हणून मी त्या घरात गेलो. दारात सासू कपाळ धरून बसलेली. मी विचारायच्या आतच म्हणाली, “टोपन लावलंच न्हाय भवानीनं. कामावर पळायची घाई. जरा डोळा लागला माझा, तंवर पोरीनं बाटली पाडली.”

मोरीच्या बाजूला लाल कोब्याची जमीन होती. बाटली आडवी पडलेली, झाकण वेगळं, भोवती ॲसिडची ओल. सासूला आणि मागून आलेल्या सगळ्या शेजाऱ्यांना त्या ओलीवरून एकच गोष्ट दिसत होती, झाकण सैल होतं आणि बाटली कलंडली. मी खाली वाकलो. ओलीच्या मधोमध कोब्यावर एक वर्तुळ उमटलं होतं. सुटत्या झाकणाखालून झिरपलेल्या ॲसिडनं लाल रंग खाऊन पांढरं केलेलं, कंपासनं काढावं तसं गोल. त्याचा व्यास मला मोजावा लागला नाही, तो मीच ठरवला होता. झाकण उचलून पाहिलं. वरच्या सपाट बाजूवर वळणावळणाचे ओरखडे आणि त्यांत लाल भुकटी.

झाकण लागलेलं होतं. पुरतं लागलेलं होतं. ते सैल असतं तर इतकं दाबावं लागलं नसतं. मुलीनं ते माझ्यासमोर उघडलं होतं तसंच उघडलं, आणि गोळ्यांसाठी बाटली तोंडाला लावली होती तशीच तोंडाला लावली. पांढरी बाटली म्हणजे गोळीची बाटली, हे तिला मीच शिकवलं होतं.

त्या जमिनीवर जे लिहिलं होतं ते वाचता येणारा मी एकटाच होतो. मी बादलीभर पाणी ओतून जमीन धुतली. सासू म्हणाली, “राहू द्या ओ भाऊ, तुमी कशाला.” झाकण खिशात घातलं, मुलीचे दोन फ्रॉक पिशवीत भरले आणि निघालो.

मुलगी वाचली. घोट छोटा होता, बरंचसं बाहेर सांडलं होतं. पण घशाखालची नळी आतून भाजली होती. डॉक्टर म्हणाले, जखम भरताना नळी आवळत जाईल, ती पुनःपुन्हा रुंद करायला आणावं लागेल, किती वर्षं ते सांगता येत नाही.

तिसऱ्या दिवशी मी इस्पितळात गेलो. वॉर्डमध्ये मुलगी खाटेवर, नाकात नळी. मला पाहून तिनं डोळे मोठे केले. वहिनी खाटेच्या पायाशी बसली होती. तीन दिवसांत तिचं तोंड बंद झालं होतं. नवरा बाहेरच्या बाकावर होता. त्यानं तिच्याशी बोलणं टाकलं होतं हे मला सासूनं व्हरांड्यातच सांगितलं.

वहिनी उठून माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, “भाऊ, तुमाला म्हायती हाय ना ते टोपन. मी लावलं व्हतं ओ. कट्ट झालं व्हतं. मला आयकू आलं. का न्हवतं झालं? आता मलाच कळंना झालंय. सगळी म्हनतात न्हाय लावलं. तुमी सांगा, लावल्यावर पोरीला उघडंल का ते?”

तिला माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती. सगळ्या घरात, सगळ्या गोडदेवमध्ये ती गोष्ट देऊ शकणारा मी एकटा होतो. खाटेवरून मुलगी आमच्याकडे बघत होती. तिला बोलता येत नव्हतं. मला क्षणभर वाटलं, आता ती ओठांवर बोट ठेवेल. तिनं काही केलं नाही.

मी म्हणालो, “लावल्यावर नाही उघडणार, वहिनी. पण घाईत कधीकधी अर्धवट राहतं. आपल्याला वाटतं आवाज आला.”

वहिनीनं मान खाली घातली. “असंल,” म्हणाली. “असंल तसं.”

मी का बोललो नाही याची कारणं मी वर्षानुवर्षं गोळा केली आहेत. नोकरी जाईल, पोलीस येतील, शेठ बुडतील, गाळ्यातल्या बायकांचं काम जाईल. सगळी कारणं खरी आहेत. तरी त्या क्षणी यांतलं एकही माझ्या मनात नव्हतं. मनात एवढंच होतं की बारा लिहिलंय, आता तेरा कसं म्हणू.

दिवाळीनंतर मी साचा बदलला. शेठना सांगितलं, आणखी पक्कं करतो. दात खोल केले आणि झाकणाची वरची बाजू सपाट होती ती फुगीर केली, टम्म पोळीसारखी. फुगीर झाकण जमिनीवर पालथं दाबलं की घरंगळतं, भार देताच येत नाही. वहिनी मुलीच्या इस्पितळाच्या खेपांतून वेळ काढून परत कामावर यायला लागली होती. नवी झाकणं टेबलावर आली तेव्हा तिनं एक उचलून अंगठ्यानं चाचपलं.

“ह्ये वर टेंगूळ कशाला काढलं, भाऊ? आता पालथं घालून उघडता येत न्हाय. माझं पेटंट गेलं.”

बऱ्याच दिवसांनी ती थोडं हसली होती. मी म्हणालो, “दिसायला बरं दिसतं.”

त्या फुगीर झाकणांचे हजारो नग तिच्या हातांखालून गेले. तिच्या निर्दोषपणाचा पुरावा रोज तिच्याच हातात होता आणि तिला तो वाचता येत नव्हता. नव्या झाकणाची चाचणी मी दुसऱ्या बालवाडीत घेतली, गोळ्या न घालता. दोन मुलांनी उघडलं. मी दोन लिहिले, आणि पुन्हा साचा दुरुस्त केला. त्यानंतर एकही आकडा मी खोटा लिहिलेला नाही. त्यानं मागचं काही पुसलं जात नाही, हे मला कळतं. झाकण चाललं. गाळ्याचे दोन गाळे झाले, मी भाड्याच्या खोलीतून जवळच्या इंद्रलोक वसाहतीत स्वतःच्या घरात आलो. बायको पाहुण्यांना सांगते, “यांनी मुलांच्या जिवाची काळजी घेणारं झाकण बनवलं.” मी पाणी आणायला आत जातो.

वहिनीनं दोनेक वर्षांत काम सोडलं. मुलीला घेऊन इस्पितळाच्या वाऱ्या, त्यात घरातली बोलणी. ती मुलीसकट माहेरी, वरसाव्याला राहायला गेली. नवरा महिन्यातून एकदा येतो असं कळलं.

मागच्या वर्षी ती मला भाईंदरच्या बाजारात भेटली. मुलगी बरोबर होती. तेरा-चौदा वर्षांची, उंच, फार बारीक. मी कोण ते तिला आठवत नव्हतं. मला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि मग त्या वाटण्याचीच लाज वाटली.

मी विचारलं, “जेवते का नीट?”

वहिनी म्हणाली, “भात जेवती आता. मऊ करून. भाकरी न्हाय उतरत.”

मुलगी म्हणाली, “आई, पिशवीतली तेलाची बाटली बघ ना, सांडेल.” आणि माझ्याकडे बघून हसून म्हणाली, “आमच्या आईचं झाकणाचं कायम राहून जातं. मी लहान असताना पण असंच झालं होतं.”

त्यात राग नव्हता. घरातल्या एखाद्या खोडीबद्दल बोलावं तसं ती बोलली. वहिनीनं बाटली काढली. झाकण घट्ट होतं. तिनं ते आणखी आवळलं, बाटली पिशवीत ठेवली, परत काढली आणि पुन्हा एकदा आवळून पाहिलं.

“सवय लागली, भाऊ,” ती म्हणाली. “घरातल्या सगळ्या बरन्या मी दोनदोनदा बघते. झोपायच्या आधी आनि उठल्यावर. माझ्या हाताचा काय भरोसा?”

ज्या हातांनी माझ्या झाकणाची खोट माझ्याआधी शोधली होती, त्या हातांबद्दल ती हे बोलत होती.

त्यानंतर मी दोनदा वरसाव्याला गेलोय. एकदा खाडीच्या पुलाशी उतरून तसाच परत फिरलो. दुसऱ्यांदा गावात शिरलो, घर कुठलं ते विचारलं, लोकांनी दाखवलंही. अंगणात मुलगी कपडे वाळत घालत होती. खिशात ते झाकण होतं, ओरखड्यांत अजून लाल भुकटी असलेलं. मी उभा राहिलो आणि परत आलो. हे सगळं कागदावर उतरवणं मला त्यापेक्षा सोपं गेलं, हेही मला दिसतंय. ज्यांना हे सांगायचं त्यांना सोडून बाकी सगळ्यांना सांगण्याची ही तऱ्हा माझ्या स्वभावाला धरूनच आहे.

त्या मुलीचा घसा मला परत देता येणार नाही. पण तिच्या आईचं मी एक देणं लागतो आणि ते देण्याजोगं आहे. तिच्या दारात जाऊन, मुलगी ऐकत असताना, मला एवढं म्हणायचं आहे: वहिनी, तुम्ही झाकण लावलं होतं. कट्ट झालं होतं. ते तुमच्या मुलीला उघडता येतं हे मला आधीपासून माहीत होतं, आणि मी तुम्हाला सांगितलं नाही.